काळ्या वायरीतला टाका

मामा सायकल हाताने ढकलत होता आणि मी मीटर धरून शेजारून चालत होते. मीटरच्या दोन पिना मुठीच्या वायरीत खुपसलेल्या, त्यामुळे मला सायकलपासून हातभरही लांब जाता येत नव्हतं. चाकातल्या मोटरच्या तिन्ही जाड वायरी आम्ही काढून ठेवल्या होत्या, म्हणजे आता मूठ कितीही पिळली तरी सायकल पळणार नव्हती. फक्त मीटरवर आकडा दिसणार होता. मुठीला हात लावला नाही तर शून्य पॉइंट आठ व्होल्ट. पूर्ण पिळली की चारच्या आसपास. मला तेवढंच बघत राहायचं होतं.

"किती?" मामा दर दहा पावलांवर विचारायचा.

"तेवढंच."

"तेवढंच म्हणजे किती?"

"शून्य पॉइंट आठ, मामा. मघाशीही आठ होतं, उद्याही आठच असेल."

सकाळचे अकरा वाजले होते, रस्ता भरलेला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला ओरडला, "काय मास्तर, पेशंटला सलाईन लावून फिरवताय काय?" मी त्याला चांगलं ऐकवणार होते, पण मामाने नुसता हात वर केला आणि पुढे चालत राहिला. हसला नाही. एरवी असल्या बोलण्यावर सगळ्यात आधी तोच हसायचा.

आम्ही सिस्टरांच्या रस्त्याने चाललो होतो. त्यांच्या घरापासून निघायचं आणि ज्या फाटकाशी त्या पडल्या तिथपर्यंत जायचं. जिथे त्या वळतात तिथे वळायचं, जिथे त्या थांबतात तिथे थांबायचं. हे मामाच्या डोक्यातून निघालं होतं. आठवा दिवस होता आणि बाकीचं सगळं करून झालं होतं.

मामा मुळात टेलर. सव्वीस वर्षं त्याने पँटी शिवल्या, जास्त करून गणवेशाच्या. म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी नववीत शाळा सोडली तेव्हा आई म्हणाली, "एका मास्तरांना कंटाळलीस ना, आता जा दुसऱ्याकडे," आणि मला तिच्या भावाच्या दुकानात आणून बसवलं. मला एका जागी बसवत नाही. मामाने पहिल्याच दिवशी माझं नाव भिंगरी ठेवलं आणि कापड हातात न देता वायरी जोडायची सोल्डरिंगची इस्त्री दिली. "ही गरम असते," म्हणाला, "निदान ही धरून तरी गप्प बसशील."

तोवर पँटी संपत आल्या होत्या. तयार कपडे सगळीकडे मिळायला लागले, कोण माप द्यायला येतंय. पण मामा शिवणयंत्रांना मोटर बसवून द्यायचा, आजूबाजूचे सगळे टेलर त्याच्याकडे यायचे. पाय जेवढा दाबाल तेवढी सुई पळते, हे त्याच्या हाडात बसलेलं. मग एक दिवस त्याने स्वतःच्या जुन्या सायकलला चाकात मोटर बसवली, सीटखाली बॅटरी, हँडलवर पिळायची मूठ. पायाचं काम हाताला दिलं, एवढंच, असं तो सांगायचा. महिन्याभरात लोक आपापल्या सायकली घेऊन दारात उभे.

लोक यायचे त्याचं खरं कारण मात्र मोटर नव्हती. मोटर कोणीही बसवतं. बाकीचे लोक वायरी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळतात, सायकल अशी दिसते की दवाखान्यातून पळून आलीय. मामाला ते सहन व्हायचं नाही. "वायर बाहेर दिसली की मला पँटचं अस्तर लोंबताना दिसतं," म्हणायचा. तो मुठीपासून खाली नळीपर्यंत कॅनव्हासची बाही शिवायचा. वायरी आत ठेवून, सायकलवरच, हाताने. बोटात अंगुस्तान, दोऱ्याला मेण, इंचाला आठ टाके. कॅनव्हास इतका ताणून बसवायचा की सुरकुती शोधून सापडायची नाही. दोऱ्याचा रंग ज्याचा त्याने सांगायचा. सिस्टरांनी निळा सांगितला होता.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातर्फे घरोघर जाऊन इंजेक्शन देणारी, जखमा बांधणारी नर्स. वय चौपन्न. त्यांच्या गुडघ्यांनी सायकल मारणं जमेना म्हणून त्या आमच्याकडे आल्या. सायकल झाल्यावर दिवसाला अकरा घरं करायच्या, आधी सहा व्हायची.

चार महिन्यांनी त्या पहिल्यांदा तक्रार घेऊन आल्या. म्हणाल्या, "मास्तर, कधीकधी वेग आपोआप वाढतो. मी मूठ तेवढीच धरलेली असते आणि ही उसळी मारते. परवा वळताना मारली." आम्ही सायकल आत घेतली, डबल स्टँडवर लावली, मूठ पिळून बघितली. चाक जेवढं फिरायला हवं तेवढंच फिरलं. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हायची, तेही बरोबर. मामा गल्लीत एक चक्कर मारून आला. काही नाही. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या, तीच तक्रार. परत तेच बघितलं, परत काही नाही. तेव्हा मी त्यांना म्हणाले, "सिस्टर, तुमचाच हात घट्ट पडतोय. मूठ जरा सैल धरा."

मी तोंडाची फटकळ आहे, मला माहितीय. पण तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

आमचं दुकान बोळासारखं आहे. एका बाजूला शिवणयंत्र, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये सायकल सरळ उभी राहते. हँडल वळवायला जागाच नाही. आणि गल्ली पट्टीने आखल्यासारखी सरळ, टोकाला मामा उतरून, सायकल उचलून फिरवायचा. हे मी आज सांगतेय. तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग त्या पडल्या. एका पेशंटच्या फाटकात डावीकडे वळून आत शिरत होत्या आणि सायकल सुटली. भिंत दोन हातांवर. उजवं मनगट मोडलं, गळ्याजवळचं हाडही. ही सकाळची गोष्ट. संध्याकाळी मामा एकटाच जाऊन सायकल घेऊन आला, पुढचं चाक वाकडं झालेलं, आणि त्याने ती यंत्राशेजारी उभी केली.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना बघायला गेले. त्या येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या. माझ्याच हातून झालं. वळताना घाबरले असेन आणि मूठ पिळली गेली. आणि महिनाअखेर काम सोडणार आहे, तसं दवाखान्यात कळवलंय. शेजारीण म्हणाली, अहो, हाड जुळेल की. तर म्हणाल्या, "हाड जुळेल हो. पण हा हात मी सांगते एक आणि करतो दुसरंच. असल्या हाताने लोकांना सुई कशी टोचू?"

तिथून परत आल्यावर मी मामाला सगळं सांगितलं. माझा जीव थोडा खाली पडला होता, खोटं कशाला बोलू. त्या स्वतःच म्हणत होत्या की चूक त्यांची. मामाच्या नावाला धक्का नव्हता. माझ्यासाठी मामा म्हणजे काय ते मी इथे सांगत बसत नाही. एवढंच की शाळा सोडल्यावर ज्याने मला एकदाही "शिकली असतीस तर" असं ऐकवलं नाही तो एकटा माणूस म्हणजे मामा.

त्याने मात्र दुकानाचं दार अर्धं लावून घेतलं. नवीन काम बंद. पहिल्या दिवशी मूठ उघडली, आतलं लोहचुंबक जागच्या जागी होतं. तरी नवी मूठ घातली, जुन्याच वायरींना जोडली. मग कंट्रोलर बदलला. तो म्हणजे मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा डबा. मग जोडण्यांत पाणी गेलंय का ते बघितलं, एकेक उघडून पुसली. बॅटरी बदलली. दर वेळी स्टँडवर लावायचं, मूठ पिळायची, आणि चाक शहाण्यासारखं फिरायचं. मामी रोज डबा घेऊन यायची. सहाव्या दिवशी तिने डबा मामासमोर न ठेवता सायकलच्या सीटवर ठेवला. "आधी हिला वाढते," म्हणाली, "तुम्ही काय, मागून उरलंसुरलं खाल." मामा त्यावरही हसला नाही.

मला वाटत होतं तो स्वतःला सोडवतोय. सगळं तपासून झालं की छातीठोक सांगता येईल, माझ्या कामात दोष नाही. म्हणून मीही जीव लावून करत होते.

आठव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आपण सायकल तपासतोय. रस्ता तपासलाच नाही."

तर आम्ही त्या फाटकाशी पोचलो. लोखंडी फाटक, आत जरा चढ, उजव्या हाताला ती भिंत. भिंतीवर सायकलचा ओरखडा अजून दिसत होता. मामाने हँडल पार डावीकडे वळवलं, सिस्टर वळायच्या तसं.

मीटरवर चार पॉइंट सहा.

"मामा, हलू नकोस."

"किती?"

"चार पॉइंट सहा. तू मूठ पिळलीस?"

मी मान वर केली. त्याचा उजवा हात सीटवर होता. मुठीला कोणाचाच हात नव्हता.

त्याने हँडल सरळ केलं, शून्य पॉइंट आठ. परत डावीकडे, चार पॉइंट सहा. तिसऱ्यांदा त्याने वळवलं नाही. सायकल तशीच धरून भिंतीकडे बघत उभा राहिला. आतून कोणीतरी विचारलं, काय हवंय. मामा म्हणाला, "काही नको. झालं आमचं."

दुकानात येऊन मी वायरी बघायला सुरुवात केली. मुठीत तीन वायरी जातात. लाल वीज आणते, हिरवी मूठ किती पिळली त्याची खबर कंट्रोलरला देते, काळीतून वीज परत जाते. काळी तुटली तर हिरवीची खबर चुकते. मूठ न पिळताही ती सांगते, पूर्ण पिळली. स्वस्तातला कंट्रोलर बिचारा ऐकतो आणि मोटर सोडतो. म्हणजे काळी वायर कुठेतरी तुटलेली आणि हँडल सरळ असताना टोकाला टोक लागलेलं. पण कुठे?

"बाही उसव," मामा म्हणाला.

"एवढी?"

"दे ब्लेड इकडे."

त्याने स्वतः उसवली. निळा दोरा, इंचाला आठ टाके, एकेक करत. कॅनव्हास बाजूला झाल्यावर मी काळी वायर बोटांतून खाली ओढत आणली आणि जिथे हँडल वळतं तिथे ती बोटाला मऊ लागली. उजेडात धरली. काळ्या सालीवर एक बारीक भोक, आणि भोकाभोवती हिरवी पूड. साल सोलली तर आतलं तांबं सडून गेलेलं. सगळे धागे तुटलेले, टोकाला टोक नुसतं टेकलेलं. आणखी खाली अशीच तीन भोकं होती, तिथे तांबं अजून शाबूत होतं.

मामाने चष्मा लावला, वायर माझ्या हातातून घेतली आणि बराच वेळ बघितली.

"सुई," तो म्हणाला.

मी वाकून भोक परत बघितलं.

"शिवताना सुई आरपार गेली. भोकातून ओल गेली. आणि ताणलेली होती, वळताना दर वेळी ओढली जायची." मग जरा थांबून म्हणाला, "बाही शिवताना काखेत सैल सोडायचं असतं, नाहीतर हात वर केला की उसवते. शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात हे सांगायचो."

मामी दारात उभी होती. कधी आली कळलं नाही.

मी बोलायला लागले ते थांबेचना. म्हणाले, मामा, हे आपल्या तिघांशिवाय कोणाला माहीत नाही. नवी वायर टाकू, सायकल नीट करून देऊ, बास. त्या स्वतःच म्हणतायत त्यांची चूक. त्या कोर्टात गेल्या तर? लोक दुकानावर आले तर? तू मुद्दाम केलंस का? सव्वीस वर्षं पँटी शिवून, एवढं नाव कमावून, एका सुईपायी सगळं घालवणार का?

"बाहेर अशा बाहीच्या एकतीस सायकली आहेत," मामी म्हणाली. एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

मामा वायर गुंडाळत होता. "भिंगरी," म्हणाला, "तू सिस्टरांना काय म्हणाली होतीस?"

"कधी?"

"दुसऱ्यांदा आल्या तेव्हा."

मला आठवत होतं. "हात घट्ट पडतोय, मूठ सैल धरा."

"हं."

त्याने ती वायर रिकाम्या दोऱ्याच्या डबीत ठेवली आणि खुंटीवरचा शर्ट काढला. मी त्याच्या मागोमाग निघाले. एकट्याला जाऊ देणं शक्यच नव्हतं.

सिस्टर तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायच्या. फळीवर सिरिंजांचे खोके नीट लावलेले, पलंगावर उशीला टेकून त्या बसलेल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. मामाला बघून म्हणाल्या, "सापडलं?"

मामाने डबी उघडून वायर त्यांच्या डाव्या हातात दिली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सुई, ओल, ताण. कमी केलं नाही, वाढवलं नाही. "चूक माझ्या शिवण्यात आहे," म्हणाला. "तुमच्या हातात नव्हती."

त्या कितीतरी वेळ ती वायर अंगठ्याने वाकवून बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मुठीवर कोणाचा हात नव्हता?"

"नव्हता, सिस्टर. मीटर माझ्या हातात होता. मी बघितलंय."

"नक्की?"

"दोनदा बघितलं."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं असं मला वाटलं, आणि लगेच त्यांचा आवाज चढला. "दोन महिने, मास्तर. दोन महिने मी माझ्या हाताकडे बघतेय. इंजेक्शन भरलं की दोनदा तपासायचे, तीनदा तपासायचे. पडायच्या आदल्या दिवशी एका लेकराला टोचताना मी दुसऱ्या नर्सला बोलावलं. तीस वर्षांत पहिल्यांदा."

"हो," मामा म्हणाला.

"हो काय?"

"तुम्ही दोनदा आलात आणि मी दोनदा परत पाठवलं."

"तुम्ही नाही, हिने पाठवलं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी म्हणाले, "हो, मीच. मला कळत नव्हतं तरी बोलले."

"आठवतंय मला," त्या म्हणाल्या. माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत, मीही मागितलं नाही. आम्ही निघताना म्हणाल्या, "सायकल नीट करा. तिच्यावर बसायचं का नाही ते मी ठरवेन. आणि दवाखान्यात फोन लावून द्या मला, डाव्या हाताने लागत नाही." मी लावून दिला. महिनाअखेर काम सोडणार नाही, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं आणि फोन माझ्याकडे परत दिला.

मग पाच आठवडे आम्ही घरोघर फिरलो. एकतीस सायकली. मामा दारात उभा राहून तेच सांगायचा, सुई, ओल, ताण, आणि ब्लेड काढायचा. नळाची कामं करणाऱ्या एकाने आम्हाला जिन्यातच उभं करून सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या. मी पुढे झाले तर मामाने माझा दंड धरला. फळवाल्याचं उलटंच. तो उसवू देईना. "एवढं देखणं काम, मास्तर, राहू द्या की, मी सांभाळून चालवीन." मामा त्याच्या गाडीपाशी दीड तास बसून राहिला, शेवटी त्याने कंटाळून सायकल दिली. चार सायकलींच्या काळ्या वायरीत तशीच हिरवी पूड निघाली. त्यातली एक एका बाईची होती, ती पोराला मागे बसवून शाळेत सोडायची. तिच्या काळ्या वायरीत तांब्याचे चार धागे शिल्लक होते. ते बघून मामा तिच्या जिन्याच्या पायरीवर बसला तो उठेचना. ती बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, काय झालं म्हणून मला विचारत होती.

कोणी कोर्टात गेलं नाही. पण काम निम्म्यावर आलं ते आजही निम्म्यावरच आहे. मामा अजून सायकली करतो. वायरी प्लास्टिकच्या नळीतून नेतो, वळणापाशी सैल वेढा सोडतो, आणि सायकल दुकानाबाहेर आणून हँडल दोन्हीकडे पार वळवून, मीटर लावून बघितल्याशिवाय देत नाही. सायकली आता इतरांच्यासारख्याच दिसतात. बाही परत कधी शिवली नाही. सिस्टर तीन महिन्यांनी सायकल घेऊन गेल्या. जाताना माझ्यासमोर हँडल डावीकडे वळवून बघितलं.

गेल्या वर्षी मामीला इंजेक्शनं होती, ती द्यायला सिस्टरच यायच्या. एकदा मामा बाहेर गेलेला असताना, हात धुताधुता त्यांनी मला सांगितलं. पडल्या त्या सकाळी, प्लास्टर घालायच्याही आधी, मामा दवाखान्यात येऊन गेला होता. बाकड्याशेजारी उभा राहून म्हणाला होता, दोष सायकलीत आहे, तुमच्या हातात नाही. त्या म्हणाल्या होत्या, मास्तर, माझी समजूत काढू नका, दाखवता येत असेल तर दाखवा. तो बरं म्हणाला आणि गेला. सायकल तेव्हा अजून त्या फाटकातच पडलेली होती, मामाने ती बघितलीही नव्हती.